बाहुलीघरातील पंचनामा : कॅप्टन फ्रान्सिस ग्लेस्नर ली

डिटेक्टिव्ह कथांचे वेड ज्यास कधीच लागले नाही असा विद्यार्थी विरळा. क्रमिक पुस्तकाच्या आड शेरलॉक होम्स दडवून वाचणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आणि ते पुस्तक जप्त करून रात्री दिव्याजवळ स्वतःच वाचीत बसणारे वडीलही आमच्या ऐकिवात आहेत. या कथांतील प्रसंग डोळ्यांपुढे उभे करण्याची हौस तर फार जुनी. लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात १८९१ पासून होम्सच्या लघुकथा येऊ लागल्या, तेव्हा सिडनी पॅजेट या चित्रकाराच्या चित्रांनीच त्या कुशाग्र गृहस्थाचा चेहरा जगाच्या ओळखीचा केला. हल्लीची मुले त्याही पुढे जातात. प्लास्टिकचे रंगीत ठोकळे एकात एक बसवून ती होम्सची बेकर स्ट्रीटवरील खोली, तेथील शेगडी, खुर्ची आणि व्हायोलिनसुद्धा रचतात. वडील मंडळी त्याचे कौतुक करितात, पण शेवटी त्यास खेळच म्हणतात. आज ज्या बाईंचे चरित्र आम्ही सांगणार आहोत, त्यांनी असाच खेळ आपल्या साठीनंतर मांडला, आणि तो शिकण्यासाठी पोलीस खात्यातील अनुभवी अधिकारी त्यांच्यापुढे शाळेतील मुलांप्रमाणे येऊन बसले.

फ्रान्सिस ग्लेस्नर यांचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरी २५ मार्च १८७८ रोजी झाला. त्यांचे वडील जॉन जेकब ग्लेस्नर हे शेतीची यंत्रे तयार करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचे भागीदार होते. पुढे १९०२ साली हा कारखाना इतर कारखान्यांत मिळून ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ ही प्रचंड कंपनी निर्माण झाली. घरी लक्ष्मी पाणी भरीत होती असे म्हटले तरी चालेल. शिकागोच्या प्रेअरी अॅव्हेन्यूवर हेन्री हॉब्सन रिचर्डसन या नामांकित शिल्पज्ञाने त्यांच्यासाठी बांधलेला दगडी वाडा आजही उभा असून तो लोकांस पाहण्यास खुला आहे. हा वाडा १८८७ साली पुरा झाला. त्याच वर्षी इंग्लंडात शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. नऊ वर्षांची ही मुलगी पुढे त्या डिटेक्टिव्हाची निस्सीम चाहती व्हावयाची होती.

फ्रान्सिस व तिचा वडील भाऊ जॉर्ज या दोघांचे शिक्षण घरीच शिक्षक ठेवून झाले. जॉर्जास परागांमुळे शिंकांचा व दम्यासारखा त्रास होई, म्हणून ग्लेस्नर कुटुंब उन्हाळा न्यू हॅम्पशर संस्थानातील डोंगराळ भागात घालवी. तेथील त्यांच्या इस्टेटीस ‘द रॉक्स’ असे नाव होते. मुलीस भाषा, संगीत यांबरोबरच शिवण, विणकाम, भरतकाम, चित्रकला ही श्रीमंत घराण्यातील मुलीस शोभणारी कामे शिकविण्यात आली. जॉर्ज मोठा झाल्यावर हार्वर्ड विद्यापीठात गेला. फ्रान्सिस घरी राहिली. हार्वर्डच्या वैद्यकशाळेचे दार तर त्या काळी स्त्रियांना मुळीच उघडे नव्हते. ते उघडण्यास १९४५ साल उजाडावे लागले. हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१८९८ साली ब्लुएट ली या वकिलाशी त्यांचा विवाह झाला. त्यांस तीन अपत्ये झाली. परंतु उभयतांचे पटले नाही व १९१४ साली घटस्फोट झाला. याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

मात्र या काळातील एक गोष्ट सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. त्यांच्या मातोश्रींस संगीताचे अतिशय वेड. शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदास ग्लेस्नर घराण्याचा मोठा आश्रय असे. १९१३ साली आईच्या वाढदिवसासाठी फ्रान्सिस बाईंनी हा सबंध वाद्यवृंदच लहान बाहुल्यांच्या रूपाने तयार केला. वादक किती, तर नव्वद! प्रत्यक्ष तालमींस जाऊन कोण कोठे बसतो, कोणाच्या मिशा कशा, कोणाचे टक्कल केवढे, हे त्यांनी टिपून आणिले आणि त्याप्रमाणे प्रत्येक बाहुली घडविली. प्रत्येकाच्या हाती त्याचे त्याचे वाद्य, पुढे सुरावटीचा इवलासा कागद. ज्यांची प्रतिमा केली त्या वादकांनी आपापल्यास ओळखावे इतके ते काम हुबेहूब होते. श्रीमंत बाईचा रिकामपणाचा उद्योग, असे कोणी तेव्हा म्हटले असल्यास आम्ही त्यास फारसा दोष देणार नाही. परंतु पाहणे, मोजणे, ध्यानात ठेवणे आणि बोटांनी तेच पुन्हा उभे करणे या चार गोष्टींची ही तालीमच होती. ती कशाची, हे बाईंसही तेव्हा ठाऊक नव्हते.

जॉर्जचा हार्वर्डमधील एक स्नेही होता, जॉर्ज बर्जेस मॅग्रॅथ. हा पुढे डॉक्टर होऊन बोस्टन शहरी मृत्यूच्या कारणांची चौकशी करणारा सरकारी वैद्यकीय परीक्षक झाला. या पदाची माहिती थोडी विस्ताराने दिली पाहिजे, कारण बाईंच्या आयुष्याचे सर्व कार्य तिच्यावरच उभारलेले आहे.

कोणी मनुष्य अकस्मात अगर संशयास्पद रीतीने मेला, तर तो कशाने मेला हे ठरविणारा अधिकारी कोण असावा? इंग्लंडातून आलेल्या जुन्या वहिवाटीप्रमाणे हे काम कोरोनर नावाच्या अधिकाऱ्याकडे असे. आपल्या मुंबई शहरातही १८७१ च्या कायद्याखाली कोरोनर असे. ते पद १९९९ साली बंद झाले. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी कोरोनर लोकांच्या मतांनी निवडला जाई, आणि त्यास वैद्यकाचे ज्ञान असलेच पाहिजे अशी अट नसे. निवडणूक जिंकण्याचे कसब आणि प्रेत पाहून मृत्यूचे कारण ओळखण्याचे कसब ही दोन्ही एकाच माणसाच्या अंगी असतील, असा भरवसा कोण देणार? मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १८७७ सालीच कोरोनराचे पद मोडून त्या जागी डॉक्टर नेमण्याची चाल पाडली होती, आणि मॅग्रॅथ हे त्या परंपरेतील नावाजलेले डॉक्टर होते. १९१९ साली बोस्टनमध्ये काकवीची एक प्रचंड टाकी फुटून रस्त्यांतून काकवीचा लोंढा वाहिला व २१ माणसे दगावली, तेव्हाही मृतांची तपासणी त्यांच्याच खात्याने केली. १९१६ साली न्यू हॅम्पशरमधील एका सरोवराकाठी एका मनुष्याने पत्नीस ठार करून पुरावा नष्ट व्हावा म्हणून घरास आग लाविली. घर जळाले, पण तक्तपोशी जळून प्रेत खालच्या तळघरातील पाण्यात पडले व नाश होण्यापासून वाचले. त्या प्रेताच्या तपासणीने खून उघडकीस आला. अशी प्रकरणे मॅग्रॅथ यांच्या अनुभवात पुष्कळ होती, आणि ते ती सांगतही मोठ्या रसाने.

१९२९ सालच्या सुमारास ली बाई व मॅग्रॅथ दोघेही आजारपणातून बरे होत बोस्टनच्या एकाच रुग्णालयात होते. बाईंचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेलेले, मुले मोठी झालेली. गप्पांत एकामागून एक हकिकती निघू लागल्या. डिटेक्टिव्ह कथांवर वाढलेल्या बाईंस या खऱ्या हकिकती ऐकून एक गोष्ट फार जाचली. कथेत होम्स येतो तेव्हा खोलीतील प्रत्येक वस्तू जागच्या जागी त्याची वाट पाहत असते. खऱ्या जगात मात्र प्रथम पोहोचणारा शिपाई प्रेत हलवितो, सांडलेले पुसतो, हत्यार हाती घेऊन पाहतो, जमिनीवरील डागांवरून बूट घालून फिरतो. पुढे केवढाही विद्वान डॉक्टर आला तरी तो काय करणार? गुन्हेगार सुटतो, आणि त्याहून भयंकर म्हणजे निरपराध्याच्या गळ्यात फास पडू शकतो. हा दोष शिपायाच्या नीतीचा नव्हे, शिक्षणाचा होता. कसे पाहावे हे त्यास कोणी शिकविलेलेच नव्हते.

बाईंनी आपल्या द्रव्याचा ओघ या बाजूस वळविला. १९३१ साली त्यांच्या देणगीने हार्वर्ड येथे न्यायवैद्यकाची शाखा सुरू झाली व मॅग्रॅथ तेथे प्राध्यापक झाले. १९३४ साली त्यांनी मॅग्रॅथ यांच्या नावे सुमारे १,००० ग्रंथांचे पुस्तकालय दिले, आणि १९३६ साली अडीच लाख डॉलरांची देणगी दिली. दानशूर म्हणून एवढ्यावरच त्यांचे नाव एखाद्या संगमरवरी पाटीवर कोरले गेले असते. अशा पाट्या जगात थोड्या नाहीत. परंतु बाईंचे मन पाटीवर रमणारे नव्हते. १९३८ साली मॅग्रॅथ वारले. हाती घेतलेले काम नुसत्या व्याख्यानांनी साधत नाही, हे बाई पाहत होत्या. पोलिसांस शिकवावयाचे तर जागा दाखविली पाहिजे. पण गुन्ह्याची जागा काही वर्गात आणून ठेविता येत नाही, आणि शिकाऊ माणसांचा जथा खऱ्या जागी नेला तर तेथील पुरावाच तुडविला जाणार. मग करावे काय?

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या सुईदोऱ्यात होते. त्यांनी ठरविले की खोलीच लहान करावी!

एका फुटास एक इंच हे प्रमाण धरून त्यांनी खोल्या रचण्यास आरंभ केला. म्हणजे सहा फूट उंचीचा पुरुष येथे सहा इंचांचा, एका वितीतही सहज मावणारा. सुतारकामास राल्फ मोशर नावाचे कसबी सुतार होते. पुढे त्यांचा मुलगा ते काम करू लागला. बाहुल्या, त्यांचे कपडे, पडदे, बिछाने ही बाईंची स्वतःची कामगिरी. बाहुल्यांच्या पायांतील मोजे त्यांनी टाचण्यांएवढ्या बारीक सुयांवर विणले. दारांस कुलपे, खिडक्यांस वरखाली होणारे पडदे, भिंतीवर योग्य महिन्याचे कॅलेंडर, फडताळात चिठ्ठ्या चिकटविलेले डबे. शिसे घातलेली पेन्सिल आगपेटीतील काडीहूनही लहान. उंदराचा सापळा चिमुकला, पण चाप लागणारा. एका झुलत्या खुर्चीविषयी असे सांगतात की, मूळ खुर्ची मागे ओढून सोडली असता जितके झोके घेई तितकेच झोके या इवल्या खुर्चीने घेतले पाहिजेत, असा बाईंचा आग्रह होता व तो सुतारास पुरवावा लागला. जळालेल्या झोपडीचा नमुना हवा होता, तर आधी सबंध झोपडी नीट बांधली आणि मग ती ज्योतीने जाळली. नोकरमाणसांस बाईंची ही शिस्त जड जात असली पाहिजे, यात आम्हांस शंका नाही. वर्षाकाठी जेमतेम तीन नमुने होत.

या सर्व कारागिरीच्या मध्यभागी मृत्यू होता. ज्या बोटांनी आईसाठी हसरे वादक घडविले, त्याच बोटांनी आता मृतांच्या त्वचेवरील रंग रंगविले. मेल्यानंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूस उतरून तेथे जांभळट छटा येते. काही तासांनी अवयव ताठरतात. चुलीतील विषारी वायूने मेलेल्याचा वर्ण लालसर दिसतो. प्रेत मागाहून हलविले असेल तर या खुणा उताणे पालथे होत नाहीत, त्या जुन्याच स्थितीची साक्ष देतात. हे सर्व वैद्यकग्रंथांप्रमाणे अचूक दाखविणे भाग होते, कारण येथे चुकीचा रंग म्हणजे चुकीचा धडा.

एक नमुना स्वयंपाकघराचा आहे. मोरीत अर्धवट सोललेले बटाटे, इस्त्रीचे फळकूट मांडलेले, भट्टीतून काढलेला पदार्थ, गॅसच्या कळा उघड्या, दारांच्या फटीत वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले, आणि जमिनीवर घरची बाई निपचित पडलेली. नमुन्याबरोबर साक्षीदाराची लेखी जबानी असे. येथे ती नवऱ्याची आहे. पत्नीच्याच कामासाठी आपण बाहेर गेलो होतो, दीड तासाने परतलो तेव्हा दार आतून बंद होते व खिडकीतून ती पडलेली दिसली, म्हणून पोलिसांस बोलाविले, असे तो सांगतो. आता विचार करा. जीव द्यावयाचे ठरविलेली बाई बटाटे सोलीत बसेल काय? की मनुष्याचे मन असे गणिताने चालत नाही? जबानी खरी असेल, खोटी असेल, अगर सांगणाऱ्याचाच गैरसमज झाला असेल. दुसऱ्या एका नमुन्यात न्हाणीघरातील टबात एक स्त्री आहे, नळाचे पाणी तिच्या तोंडावर पडत आहे आणि ताठरलेले पाय टबाबाहेर आहेत. त्या पायांकडे किती विद्यार्थ्यांनी पाहिले व किती जणांनी केवळ पाण्याकडे पाहिले, यावर त्यांची परीक्षा होई.

प्रत्येक नमुना खऱ्या प्रकरणांतील तपशील घेऊन, नावे बदलून रचिला होता. पण सर्वच खून नव्हते, हे महत्त्वाचे. काही अपघात, काही आत्मघात, काहींत मृत्यू केवळ नैसर्गिक. कथा वाचून आलेल्या मनास जिकडेतिकडे खुनीच दिसतो. ती सवय मोडण्याचाच हा उपाय होता. आणखीही एक गोष्ट आम्हांस फार लक्षणीय वाटते. बाई स्वतः दगडी वाड्यात वाढलेल्या. परंतु त्यांच्या बहुतेक खोल्या भाडेकऱ्यांच्या, मजुरांच्या, कारखान्यात राबणाऱ्यांच्या, एकाकी स्त्रियांच्या आहेत. भिंतीचा कागद डागाळलेला, गालिचा झिजलेला. ज्यांच्या मृत्यूची घाईघाईने वासलात लागण्याचा संभव अधिक, त्यांच्याच घरांपुढे त्यांनी पोलिसांस थांबविले.

या नमुन्यांस त्यांनी ‘नटशेल स्टडीज’ असे नाव दिले. अपराध्यास दोषी ठरवावे, निरपराध्यास मोकळे करावे आणि सत्य अक्रोडाच्या कवचात मावेल असे नेमके काढावे, अशा अर्थाचे एक वचन पोलिसांत रूढ होते, त्यावरून हे नाव आले. १९४३ साली न्यू हॅम्पशर संस्थानाच्या पोलिसांनी बाईंस मानाची कॅप्टनची पदवी दिली. तेव्हा त्या ६५ वर्षांच्या होत्या. १९४५ पासून हार्वर्ड येथे पोलीस अधिकाऱ्यांसाठी आठवडाभराचे वर्ग भरू लागले. त्याच वर्षी हार्वर्डच्या वैद्यकशाळेने स्त्रियांस प्रथम प्रवेश दिला. म्हणजे विद्यार्थिनी या नात्याने बाईंस जेथे पाऊल ठेविता आले नसते, तेथे त्या शिकविण्याचे साहित्य घेऊन गेल्या.

वर्गाची रीत अशी होती. प्रत्येक अधिकाऱ्यास ठराविक नमुने नेमून दिले जात. वेळ सुमारे दीड तास. दाराशी उभे राहून डाव्या हातापासून आरंभ करावा, भिंतीच्या कडेने घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत फिरत मध्यभागी यावे, असा उपदेश असे. म्हणजे नजर एकदम प्रेतावर जाऊन तेथेच खिळत नाही. नंतर उभे राहून आपण काय पाहिले ते सर्वांस सांगावयाचे. आपल्याकडील पंचनाम्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस यातील मर्म सहज कळेल. पंचांनी डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे, तर्क लिहू नये, हा नियम कागदावर सोपा आणि पाळण्यास किती अवघड! खुनी कोण हे ओळखणे हा बाईंच्या नमुन्यांचा उद्देश नव्हता. नीट पाहणे, आणि पाहिलेले नीट सांगणे, एवढाच होता. आठवडा संपला की बोस्टनच्या एका उंची हॉटेलात बाईंतर्फे मेजवानी होई. तिची आरासही त्या आपल्या खोल्यांइतक्याच काटेकोरपणे करीत. गावोगावचे साधे पोलीस अधिकारी तेथे सन्मान्य पाहुणे म्हणून जेवीत, यात बाईंचा हेतू होता असे आम्हांस वाटते. ज्याचे काम मोठे आहे असे त्यास पटवावयाचे, त्यास मानही तसाच दिला पाहिजे.

पेरी मेसन या वकिलाच्या कथांनी जगप्रसिद्ध झालेले लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर हेही या वर्गास आले, आणि त्यांनी पुढे आपली एक कादंबरी बाईंस अर्पण केली. डिटेक्टिव्ह कथा वाचून वाढलेल्या मुलीस डिटेक्टिव्ह कथाकाराने पुस्तक अर्पण करावे, याहून गोड फेड कोणती?

२७ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, कॅप्टन ली वारल्या. त्यांच्या मागे पाच वर्षांतच, १९६७ साली, हार्वर्डने न्यायवैद्यकाची ती शाखा बंद केली. ज्या विद्यापीठास त्यांनी एवढे दिले त्याने ते राखिले नाही, हे लिहिताना आम्हांस वाईट वाटते. नमुने मात्र वाचले. हार्वर्ड येथे शिकलेले डॉ. रसेल फिशर हे मेरीलंड संस्थानाचे मुख्य वैद्यकीय परीक्षक होते. त्यांनी ते बाल्टिमोर शहरी आपल्या कचेरीत नेले. तेथे असे १८ नमुने असून बाईंच्या नावाने चालणाऱ्या वर्गांत त्यांवर आजही शिक्षण दिले जाते. एक नमुना पुढे पुष्कळ वर्षांनी ‘द रॉक्स’ येथे सापडला.

२०१७ च्या ऑक्टोबरपासून २०१८ च्या जानेवारीपर्यंत वॉशिंग्टन येथील रेन्विक कलादालनात या एकोणीसही खोल्या लोकांस प्रथमच एकत्र पाहावयास मिळाल्या. जुने तापणारे दिवे काढून थंड प्रकाशाचे नवे दिवे बसविले गेले, पण प्रकाश पूर्वीसारखाच मंद व पिवळसर राहील याची काळजी घेण्यात आली, कारण तो प्रकाशही पुराव्याचाच भाग आहे. पोलिसांचे शिक्षण अद्याप चालू असल्यामुळे नमुन्यांची उत्तरे मात्र गुप्त ठेविली आहेत. प्रेक्षक काचेस नाक लावून बराच वेळ पाहत, आपसांत वाद घालीत, आणि उत्तर न मिळताच घरी जात.